धुराचा कायदा आणि साहेबांची केबिन

पणजीत मुख्य टपाल कार्यालयासमोर कधी उभे राहिला असाल तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल किंवा नसेलही. आज आपण जिथे स्पीडपोस्टच्या रांगेत उभे राहतो ती इमारत पोर्तुगीज काळात तंबाखूच्या व्यापाराचे घर होती. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातला तंबाखू जहाजांतून गोव्यात यायचा. त्याच्या विक्रीचा मक्ता सरकारचा. सरकार तो लिलावाने द्यायचे आणि घेणाऱ्यांत आपले हिंदू व्यापारीही असायचे. तंबाखूच्या पैशावर राज्य चालायचे म्हणा ना. त्याच इमारतीत आज कुणी विडी पेटवली तर दोनशे रुपये दंड आहे. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. नोकरीत त्याचा उपयोग शून्य, पण अशी एखादी गंमत दिसली की जीव रमतो.

तर आज विषय धुराचा. धूम्रपान वाईट असते हे सांगायला मी बसलेलो नाही, ते पाकिटावरच छापलेले असते. मला लिहायचे आहे ते बंदीविषयी. म्हणजे बंदी घालणे आणि बंदी पाळायला लावणे या दोन गोष्टींत जे अंतर आहे, त्याविषयी. हे अंतर मी एका सरकारी कचेरीत टेबलाच्या अलीकडून पाहिले आहे. थोडे पलीकडूनही.

सुरुवात जुन्यापासून करू. तंबाखू हिंदुस्थानात आणला पोर्तुगीजांनी आणि तो दख्खनेत पसरला तो याच किनाऱ्यावरून. अकबराचा एक सरदार असदबेग विजापूरला गेला होता. तिथे त्याला ही नवी वस्तू दिसली. दिल्लीकडच्या लोकांनी ती पाहिलेली नव्हती. त्याने रत्नजडित चिलीम तयार करवून घेतली आणि १६०४-०५च्या सुमारास बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन-चार झुरके मारले. हकीम घाबरला, म्हणाला, आमच्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, नको. असदबेगने वाद घातला. बादशहाने पुढे ओढली नाही, पण दरबारातल्या उमरावांनी मात्र असदबेगकडे मागणी लावली आणि बघता बघता व्यापाऱ्यांनी तंबाखू विकायला सुरुवात केली.

मग जहांगीर आला. स्वतः दारू आणि अफू घेणारा हा बादशहा तंबाखूवर मात्र उखडला आणि १६१७ साली त्याने बंदीचे फर्मान काढले. हे तो आपल्या आत्मचरित्रात स्वतः लिहितो. त्याच ठिकाणी तो सांगतो की इराणच्या शाह अब्बासनेही आपल्या मुलखात तंबाखू बंद केला होता. पण जहांगीरचा वकील खानआलम इराणच्या दरबारी होता आणि त्याला तंबाखूवाचून क्षणभरही करमत नसे. शाहाच्या कानावर हे घालण्यात आले. शाहाने काय केले? खानआलमसाठी मोकळीक दिली, वर एक शेरही लिहून दिला.

म्हणजे पाहा, आपल्या भागातल्या तंबाखूबंदीची जी पहिली हकिगत सापडते, तिच्यातच 'मोठ्या माणसासाठी सवलत' आहे. रयतेला फर्मान आणि वकिलाला शेर.

पुढची साडेतीनशे वर्षे सरळ टाकतो, कारण त्या काळात सरकारांनी तंबाखूवर कर बसवण्यापलीकडे फारसे काही केले नाही. बंद खोलीतला दुसऱ्याचा धूर आपल्याला मारतो, हे ठामपणे सांगायला कुणी नव्हते. ते सांगितले जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी, १९८१ साली. त्यांनी स्वतः कधीही सिगारेट न ओढलेल्या ९१,५४० विवाहित बायकांची चौदा वर्षांची माहिती तपासली. ज्यांचे नवरे खूप सिगारेट ओढत, त्या बायकांत फुप्फुसाचा कर्करोग जास्त निघाला. सिगारेट कंपन्यांनी या अभ्यासावर तुटून पडायचे बाकी ठेवले नाही. पण १९८६ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला, त्यानेही तेच सांगितले, शिवाय एक जास्तीची गोष्ट सांगितली. एकाच हवेत ओढणारे आणि न ओढणारे वेगवेगळे बसवून धोका कमी होईल, पण जाणार नाही.

मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात त्या या जपानी बायका. कारण त्यांच्यामुळे प्रश्नच बदलला. तोवर प्रश्न होता, 'तू का ओढतोस?' आता झाला, 'माझ्या शेजारी का ओढतोस?' पहिल्या प्रश्नाला 'माझी मर्जी' हे उत्तर चालते. दुसऱ्याला चालत नाही.

आमच्या लहानपणी हे कुणाच्या गावी नव्हते. फोंड्याहून पणजीला येताना कदंबच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे 'धूम्रपान करू नये' असे रंगवलेले असायचे आणि त्या पाटीखालीच बसून एखादा शांतपणे विडी ओढायचा. कंडक्टर त्याला तिकीट द्यायचा, सुटे परत करायचा आणि पुढे जायचा. कुणी तक्रार केलीच तर सगळी बस तक्रार करणाऱ्याकडे बघायची.

तरी गोवा या बाबतीत मागे नव्हता, हे अभिमानाने सांगायला हवे. दिल्लीने १९९६ साली कायदा केला आणि गोव्याने १९९७ साली धूम्रपान व थुंकणे प्रतिबंधक कायदा केला. देशभरचा कायदा व्हायला अजून सहा वर्षे होती. यामागे कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. शरद वैद्य आणि त्यांच्या बरोबरच्या मंडळींची मेहनत होती. ऑपरेशन करून थकलेला डॉक्टर शेवटी कायदा करायला निघतो, यातच सगळे आले. २००५ साली गुटख्यावरही गोव्याने बंदी घातली.

इकडे केरळमध्ये मोनम्मा कोक्कड नावाच्या प्राध्यापिका उच्च न्यायालयात गेल्या आणि १२ जुलै १९९९ रोजी न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपान हे उपद्रव आहे आणि घटनेच्या एकविसाव्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा त्याने भंग होतो, असा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयात गेले ते मुंबईचे मुरली देवरा. त्यांच्या अर्जावर २ नोव्हेंबर २००१ रोजी न्या. शहा आणि न्या. सेठी यांनी सगळ्या देशासाठी आदेश दिला. सभागृहे, इस्पितळे, शाळा-कॉलेजे, वाचनालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या आणि आगगाडीसकट सगळी सार्वजनिक वाहने या आदेशात आली. मग २००३ चा केंद्राचा कायदा, ज्याला आम्ही कचेरीत 'कोटपा' म्हणतो, तो १ मे २००४ पासून लागू झाला. आणि डॉ. अंबुमणी रामदास आरोग्यमंत्री असताना २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम आले. त्यांत कामाची जागा, बार, पब, कॅफे, मॉल सगळे आले. हॉटेलवाले आणि सिगारेट कंपनीवाले न्यायालयात गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली नाही.

आता इथून पुढे माझी हकिगत. कचेरीचे नाव देत नाही, त्याने काही फरक पडत नाही.

मी २००४ साली एल.डी.सी. म्हणून लागलो. तेव्हा आमच्या सेक्शनमध्ये अकरा टेबले होती आणि चार रक्षापात्रे. ती सरकारी खरेदीतली होती, स्टॉक रजिस्टरवर त्यांची नोंद होती! मी स्वतःही त्या वेळी दिवसाला चार-पाच ओढायचो, हे लपवत नाही. जेवणानंतर एक, चहाबरोबर एक, आणि फाईल तुंबली की एक.

२००८ च्या सप्टेंबरात परिपत्रक आले. त्यासोबत नियमांची प्रत. मी ती वाचली, कारण सेक्शनमध्ये वाचणारा मीच होतो. नियम वाचायला चांगले होते. प्रवेशद्वारावर आणि प्रत्येक मजल्यावर साठ बाय तीस सेंटिमीटरची पाटी हवी. रक्षापात्र, काडेपेटी, लायटर यांपैकी काही ठेवायचे नाही. कुणी ओढताना दिसला तर तक्रार कुणाकडे करायची, त्या माणसाचे नाव पाटीवर ठळक हवे. तक्रारीनंतर त्या माणसाने काही केले नाही तर गुन्हे जितके, तितका दंड त्याला. आणि दंड वसूल करण्याचा अधिकार कचेरीच्या प्रमुखाला.

हे शेवटचे वाचून मी हेडक्लार्ककडे पाहिले. ते हसले. कारण आमचे साहेब म्हणजे चालती-फिरती चिमणी. एक विझवायचे ती दुसरी पेटवून. केबिन वातानुकूलित, खिडक्या बंद, दार उघडले की आधी धूर बाहेर यायचा आणि मागून आवाज.

पेंटर आला. तक्रारीसाठी कुणाचे नाव घालू, म्हणाला. नियमाप्रमाणे प्रमुखाचे घालायचे. मी कागदावर साहेबांचे नाव आणि हुद्दा लिहून दिला. साहेबांनी त्या कागदावर सही केली, ती करताना त्यांच्या बोटांत सिगारेट होती. हे मी रंगवून सांगत नाही. राख कागदावर पडली, ती मी फुंकली.

रक्षापात्रे जमा झाली. चारांपैकी तीन. चौथे केबिनमधले. स्टॉक रजिस्टरवर मी तीनच वजा केली.

पंधरा दिवसांनी वरून विचारणा आली, किती दंड वसूल केला, अहवाल पाठवा. शून्य अहवाल पाठवला तर बरे दिसत नाही, असे ठरले. त्याच दुपारी आमचे शिपाईमामा जिन्याखाली, जिथे झाडू आणि फिनेलचे डबे असतात, तिथे विडी ओढताना सापडले. सापडले म्हणजे काय, ते वीस वर्षे तिथेच ओढत होते. पावती-पुस्तक माझ्याकडे होते. साहेबांनी बेल वाजवली, म्हणाले, 'पावती फाड.' मी पावती क्रमांक १ लिहिली. रक्कम दोनशे. मामांची निवृत्ती दोन वर्षांवर होती. त्यांनी खिशातून पन्नासच्या नोटा काढल्या, तीन निघाल्या, उरलेले पन्नास हेडक्लार्कनी दिले. पावती घडी घालून खिशात ठेवताना मामा केबिनच्या दाराकडे बघून एवढेच म्हणाले, 'सायबाक कोण सांगतलो?'

मी काही बोललो नाही.

तुम्ही म्हणाल, मामांनी नियम मोडला, दंड झाला, चुकले कुठे? चुकले नाही. पण जिन्याखाली मामा एकटे होते. त्यांच्या विडीचा धूर झाडूला लागत होता. केबिनमध्ये साहेब एकटे नसायचे.

तिथे आमची स्टेनो बसायची. रोज दोन-तीन तास डिक्टेशन. २००९ साली तिला दिवस गेले होते. तिने अर्ज लिहिला, अगदी साधा. धुराचा त्रास होतो, डॉक्टरांनी टाळायला सांगितले आहे, तरी डिक्टेशन बाहेरच्या खोलीत घ्यावे किंवा काही महिने दुसऱ्या सेक्शनला काम द्यावे. अर्ज माझ्या टेबलावर आला. मी टिपण तयार केले. आता अशा टिपणात काय लिहायचे असते? नियम अमुक, कलम अमुक, अर्जदाराची विनंती रास्त वाटते, आदेशासाठी सादर. मी एवढेच लिहायला हवे होते. मी लिहिले, 'अर्जदारास प्रकृतीच्या कारणास्तव दुसरे काम द्यावे किंवा कसे, याबाबत आदेश व्हावेत.' धूर हा शब्दच मी गाळला. नियमाचा उल्लेखही नाही. फाईल ज्यांच्याकडे जाणार त्यांचेच नाव पाटीवर, मग मी तरी काय करणार, अशी स्वतःची समजूत घातली.

फाईल परत आली. शेरा होता, 'चर्चा करावी.' सरकारी नोकरीतल्या माणसाला या दोन शब्दांचा अर्थ सांगायला नको.

चर्चा झाली नाही. हेडक्लार्कनी एकदा आडून विषय काढला तर साहेब म्हणाले, 'केबिन म्हणजे काय पब्लिक प्लेस आहे?' स्टेनोने रजा जोडून जोडून दिवस काढले, बिनपगारी सुद्धा. बाळंतपण सुखरूप झाले, हे सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्यांना भलतीच काळजी लागेल. पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली. नवे साहेब न ओढणारे होते. कचेरी एका दिवसात धूरमुक्त झाली. कायद्याने नव्हे, बदलीच्या ऑर्डरने!

साहेबांच्या त्या प्रश्नाची आठवण मला पुढे पोर्तुगालची एक बातमी वाचताना आली. पोर्तुगालमध्ये बंदिस्त जागेतल्या धूम्रपानाचा कायदा १ जानेवारी २००८ पासून लागू झाला. तो राबवण्याची जबाबदारी ज्या खात्यावर होती त्याचे प्रमुख आंतोनियो नुनेस. नववर्षाच्या रात्री, बारा वाजून गेल्यावर, ते एस्तोरीलच्या कॅसिनोत चिरूट ओढताना छायाचित्रात सापडले. विचारल्यावर त्यांचे म्हणणे, हा कायदा कॅसिनोला लागू नाही! त्याच वर्षी मे महिन्यात पंतप्रधान जुझे सोक्रातिश व्हेनेझुएलाला जाणाऱ्या विमानात सिगारेट ओढताना आढळले. त्यांनी निदान जाहीर माफी मागितली, सिगारेट सोडतो म्हणाले. ज्यांनी आपल्याला तंबाखू दिला, त्यांच्याकडेही साहेबांचे तेच चालले होते, हे वाचून थोडे बरे वाटले. बरे वाटायला नको होते.

आयर्लंडने मात्र वेगळा रस्ता धरला. २९ मार्च २००४ रोजी तिथे सगळ्या कामाच्या जागांवर, पबसकट, बंदी आली. आयरिश माणूस पबमध्ये सिगारेट ओढणार नाही यावर कुणाचा विश्वास नव्हता. पण कायद्याने जबाबदारी टाकली ती मालकावर, दंड ३००० युरोपर्यंत. शिवाय सगळे समर्थन एकाच मुद्द्यावर उभे केले, की गिऱ्हाईक दोन तास बसून जातो, बारमागे उभी असलेली मुलगी रोज आठ तास तिथे असते. बंदी तिच्यासाठी आहे. तपासणीत बहुसंख्य पब नियम पाळताना आढळले आणि लोक पावसात बाहेर उभे राहून ओढू लागले.

आपल्या नियमांतही मालकाची, प्रमुखाची जबाबदारी आहे. कागद तोच आहे. फक्त आपल्याकडे प्रमुखाने प्रमुखाला दंड करायचा असतो.

हे एकट्या आमच्या कचेरीचे रडगाणे असते तर लिहिले नसते. देशभर तंबाखूची दोन मोठी सर्वेक्षणे झाली, २००९-१० आणि २०१६-१७ ला. घरात दुसऱ्याचा धूर सोसावा लागणाऱ्यांचे प्रमाण ५२.३ टक्क्यांवरून ३८.७ वर आले. रेस्टॉरंटांतले ११.३ वरून ७.४ वर. आणि बंदिस्त जागी काम करणाऱ्यांचे? आधी २९.९, नंतर ३०.२. सात वर्षांत हलले नाही. घरात कायदा नाही, तिथे फरक पडला. कचेरीत कायदा आहे, तिथे पडला नाही. घरात बायको बोलते, मुलगी नाक मुरडते. कचेरीत कोण बोलणार? गोव्यात तंबाखू घेणारेच मुळात कमी, दोन्ही सर्वेक्षणांत देशात सर्वांत कमी, दुसऱ्या वेळी ९.७ टक्के. पण प्रश्न किती जण ओढतात हा नाही, कोणत्या खुर्चीत बसून ओढतात हा आहे.

दंड वाढवा, असे काही जण म्हणतात. शेजारच्या कर्नाटकाने २०२५ साली तो दोनशेवरून एक हजार केला. बेळगावचे मित्र सांगतात की चर्चा खूप झाली. मला शंका आहे. शिपाईमामांच्या खिशातून हजार काढणे जास्त कठीण आणि साहेबांना हजार काय आणि दोनशे काय.

बेळगावचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर. माझी एक मावशी निपाणीला दिली होती. निपाणी म्हणजे तंबाखू. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, गोळीबार होऊन शेतकरी मेले. तिथल्या वखारींत तंबाखू कुटणाऱ्या-चाळणाऱ्या बायकांवर १९८२ साली 'तंबाखू चाकीला ओब आली' नावाचा माहितीपट निघाला होता. लहानपणी मावशीकडे गेलो की गल्लीत शिरतानाच शिंका यायच्या. नाकाला पदर बांधून बायका बसलेल्या असायच्या. विडी पेटवली की धूर, त्याला कायदा आहे. पेटवण्याआधीची धूळ या बायकांच्या छातीत जायची, तिला पाटी नाही आणि पावतीही नाही. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. असो.

मी स्वतः २०११ साली सोडली. त्यात कायद्याचा वाटा किती हे सांगता येत नाही. खाली उतरून, रस्ता ओलांडून, गाड्याच्या आडोशाला उभे राहण्याचा कंटाळा आला, हा त्यातला थोडा भाग नक्की. त्या अर्थी बंदी चालते. ज्याला खाली उतरावे लागते त्याच्यावर चालते.

गेल्या वर्षी रेकॉर्ड रूममधल्या जुन्या फायलींची छाननी माझ्याकडे आली. कोणती ठेवायची, कोणती नष्ट करायची, याची यादी करून वर पाठवायची असते. त्यात तो स्टेनोचा अर्ज सापडला. खाली माझे टिपण, माझ्याच अक्षरात, आणि हिरव्या शाईत 'चर्चा करावी'. पावती-पुस्तकही त्याच कपाटात होते. शंभर पावत्यांचे पुस्तक, फाडलेली एक.

नियमाप्रमाणे असा रजेबिजेचा किरकोळ कागद नष्ट करायचा असतो. मी यादीत त्याच्यापुढे 'कायम जतन करावे' असे लिहिले आणि कारणाच्या रकान्यात, पंधरा वर्षे उशिरा, २००८ च्या नियमांचा उल्लेख केला. यादी वर गेली आहे. अजून परत आलेली नाही.